हलू दे, पण परत येऊ दे

अगं, व्यायामशाळेच्या किल्ल्या, एरंडेलाची बाटली आणि हजेरीची वही एवढंच तुझ्या हवाली केलं तर माझं काम अर्धवट राहील. मल्लखांबावरच्या अढी, दसरंग, फिरकी तुला उत्तम येतात, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. पण खांबाच्या टोकावरच्या बोंडावर सरळ उभं राहणं मुलांना कसं शिकवायचं, आणि डोळा, कान, पाय यांतल्या एखाद्याने ऐनवेळी दगा दिला तर मूल तोल कसा राखेल, हे सांगायचं राहिलंय. मी वाचलेलं, वस्तादांकडून ऐकलेलं आणि मैदानावर पारखलेलं सगळं एकत्र करून सांगतो. पुढे तू मुलांची ताई होणार आहेस, तेव्हा नीट ऐकून घे.

१. ‘हलू नको’ असं कधीच ओरडू नकोस

निवांत उभा असलेला माणूससुद्धा सारखा हलत असतो. शरीराचा भार घोट्याच्या जरा पुढे पडतो, म्हणून अंग पुढे कलू पाहतं आणि पोटरी त्याला मागे ओढते. दिवसभर हेच चालू असतं. पटत नसेल तर एखाद्या मुलाला अनवाणी एका पायावर उभं कर आणि खाली बसून त्याच्या घोट्याची पुढची बाजू बघ. तिथली कंडरा क्षणात वर येते, क्षणात बसते, मध्येच करंगळी जमीन पकडते, मग टाच दाब घेते. वरून पुतळा दिसणाऱ्या मुलाचा पाय खाली असा राबत असतो.

‘हलू नको’ म्हटलं की मूल गुडघे ताठ करतं, श्वास कोंडतं, खांदे कानापर्यंत नेतं, आणि मग घोट्याला काम करायला वावच उरत नाही. त्याऐवजी ‘परत ये’ म्हण. कललास तर चालेल, पण मध्यावर परत ये. मला जे सांगायचंय त्याचं सार एवढंच आहे. बाकीचे कानमंत्र त्याच्याच फांद्या.

२. तीन साक्षीदार आहेत, तिघांनाही ओळख

आपण सरळ आहोत की कललोय, हे मेंदूला तिघे सांगतात. डोळे पहिले. दुसरा आतला कान: त्यात वळण ओळखणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि डोक्याचा कल व वेगातला बदल ओळखणाऱ्या दोन पिशव्या असतात, प्रत्येक बाजूला असा एकेक संच. तिसरे साक्षीदार म्हणजे तळपाय, सांधे आणि स्नायू. तळव्यावर दाब कुठे आहे, पोटरी किती ताणली, घोटा किती वळला, याची खबर ते देतात.

तिघांचं वजन सारखं नसतं. टणक जमीन आणि चांगला उजेड असेल तर निरोगी माणूस पायांवर साधारण ७० टक्के, आतल्या कानावर २० टक्के आणि डोळ्यांवर १० टक्के विसंबतो, असा अभ्यासकांचा ढोबळ हिशोब आहे. जमीन मऊ झाली की हे वजन बदलतं, मेंदू पायांचं कमी ऐकतो आणि कानाचं जास्त. कसलेल्या खेळाडूचे साक्षीदार तुझ्या-माझ्यापेक्षा वेगळे नसतात. कोणाचं कधी ऐकायचं, याची अदलाबदल तो चटकन करतो. तालीम द्यायची ती या अदलाबदलीची.

३. एका वेळी एकाचंच तोंड बंद कर

क्रम असा ठेव. आधी टणक जमीन, डोळे उघडे. मग टणक जमीन, डोळे बंद. त्यानंतर मऊ मॅट, डोळे उघडे. सगळ्यात शेवटी मऊ मॅट आणि डोळे बंद. प्रत्येक पायरीला तीस सेकंद पुरेत. आधी दोन पाय जुळवून, मग एकापुढे एक पाऊल ठेवून, मग एका पायावर. मऊ मॅट आणि डोळे बंद या चौथ्या पायरीवर मूल जवळजवळ फक्त आतल्या कानाच्या भरवशावर उभं असतं. घाई केलीस तर पोर पडेल, आणि घाबरलेलं मूल पुढचे काही महिने डोळे मिटायलाच तयार होणार नाही.

ही युक्ती माझी नव्हे. १९व्या शतकात बर्लिनमधले डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग मज्जारज्जूच्या एका आजाराचे रोगी तपासत. पाय जुळवून उभ्या रोग्याला ते डोळे मिटायला सांगत, आणि तो डोलायला लागे. त्याच्या पायांची खबर मेंदूपर्यंत पोचतच नसे, डोळ्यांवर भागत होतं तेवढंच. असे रोगी तोंड धुताना डोळे मिटले की तोल गमावत. पुढे १९८६ मध्ये अ‍ॅन शमवे-कुक आणि फे होराक या अमेरिकन फिजिओथेरपिस्ट बायकांनी फोमचा तुकडा आणि कागदी कंदील एवढ्यावर एक चाचणी बसवली. आपल्या आकाशकंदिलासारखा तो कंदील माणसाच्या डोक्यावर चढवायचा. मग डोकं हललं की समोरचा कागदही तसाच हलतो, आणि डोळ्यांना वाटतं आपण स्थिर आहोत. डोळे उघडे असून साक्ष खोटी! एखादा जुना कंदील असेल तर मोठ्या मुलांवर करून बघ. हसतील, आणि शिकतीलही.

४. मिटलेल्या डोळ्यापेक्षा फसवा डोळा वाईट

स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटून आपण हात टेकतो. १९७४ मध्ये डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरनसन यांनी नुकत्याच चालायला लागलेल्या बाळांना एका खोलीत उभं केलं. खोलीच्या भिंती आणि छत सरकवता येत असे, जमीन मात्र पक्की. भिंती सरकल्या की बाळं डोलत, कित्येक पडत. पाय सांगत होते की जमीन जागच्या जागी आहे, पण बाळांनी विश्वास ठेवला डोळ्यांवर.

आपल्या मैदानावर हे रोज घडतं. एक मूल बोंडावर उभं असतं आणि त्याच्या समोर दुसरं दोरीवर झोके घेत असतं. स्पर्धेत पालक मोबाइल उंचावून पुढे-मागे करतात. म्हणून प्रत्येक मुलाला नजरेची एक खूण ठरवून दे. ती डोळ्यांच्या रेषेत हवी आणि जवळ हवी. दूरच्या झाडाकडे बघून तोल सावरत नाही, कारण लांबची वस्तू आपण डोललो तरी जागची फारशी हललेली दिसत नाही. जवळच्या भिंतीवरचा खडूचा ठिपका लगेच चुगली करतो. मैदान मोकळं असेल तर एक बांबू रोव आणि त्याला लाल चिंधी बांध.

खूण ठरली की मुद्दाम खूण बिघडव. एकदा बांबूपुढून मुलांना पळायला लाव, एकदा तू स्वतः चिंधी हलव. बोंडावर नव्हे हं, खाली मॅटवर.

५. पायांना शहाणं कर

सराव अनवाणीच. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन ठिकाणी भार जाणवतोय का, हे मुलांना विचारत जा. पावलं गार पडली की तळव्याची जाणीव बोथट होते आणि डोलणं वाढतं, म्हणून थंडीत पहाटेच्या वर्गात आधी पावलं चोळून गरम करून घे.

पायांनाही फसवता येतं. घोट्यामागच्या कंडरेवर कंप देणारं यंत्र लावलं की स्नायू ताणला गेलाय अशी खोटी खबर वर जाते. मेंदूला वाटतं अंग पुढे झुकलंय, म्हणून तो ते मागे नेतो, आणि सरळ उभा असलेला माणूस मागे कलतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जिम्नॅस्ट आणि इतर खेळाडू दोघांवरही हा प्रयोग झाला. कंप चालू असताना दोघंही डोलले, पण कंप थांबवल्यावर जिम्नॅस्ट इतरांपेक्षा लवकर स्थिरावले. पायांची साक्ष पुन्हा खरी झाली हे त्यांच्या शरीराने आधी ओळखलं. पहिला कानमंत्र आठव: फसणं सगळ्यांच्याच नशिबी आहे, सराव झालेला लवकर परत येतो.

तुझ्याकडे असं यंत्र नाही, त्याची गरजही नाही. जाड मॅटवर अर्धा मिनिट उभं करून लगेच टणक फरशीवर उतरव. पुन्हा मॅट, पुन्हा फरशी. जमीन बदलल्यानंतरचे पहिले दोन-तीन श्वासच महत्त्वाचे. बघायचं तिथे.

६. फिरकीनंतर डोळे मिटू देऊ नकोस

गरगर फिरून थांबलं की आतल्या कानातल्या नळ्यांमधला द्रव थांबायला वेळ घेतो. तो वाहत राहतो, म्हणून जग फिरत राहतं. अशा वेळी कान खोटं बोलत असतो, आणि डोळे मिटले की खोटं बोलणाऱ्याच्याच हाती कारभार जातो. फिरकी संपली की डोळे सताड उघडे, नजर खुणेवर, पाय जरा फाकलेले, आणि मगच सलामी.

नर्तक गिरकी घेताना डोकं शक्य तितका वेळ जागेवर ठेवून शेवटी झटक्यात फिरवतात, तो याचाच उपाय. बॅले नर्तकांवर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की फिरवून थांबवल्यावर नर्तकांना भोवळ इतरांपेक्षा कमी वेळ जाणवते. कानातला द्रव त्यांचाही तसाच वाहतो, मेंदू त्या खबरेला किंमत कमी द्यायला शिकतो.

दोन पथ्यं सांगतो. मान मागे टाकून तोल साधायला लावू नकोस. डोकं फार मागे गेलं की कानातल्या पिशव्या त्यांच्या सवयीच्या स्थितीत राहत नाहीत आणि डोलणं वाढतं. दुसरं म्हणजे, ज्याचा कान दुखतोय किंवा सर्दीने कानाला दडे बसलेत, त्याला त्या दिवशी वर चढवायचं नाही. रडलं तरी नाही.

७. धरू नकोस, बोट दे

नवीन शिक्षक मुलाची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरतो. त्याने मूल पडत नाही हे खरं, पण तोल शिक्षकाचा असतो, मुलाचा नाही. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी १९९४ मध्ये एक नामी गोष्ट दाखवली. एकापुढे एक पाऊल ठेवून उभ्या माणसाने शेजारच्या स्थिर दांडीला नुसतं बोटाचं टोक लावलं, तेही शंभर ग्रॅमपेक्षा कमी दाबाने, तरी डोलणं लक्षणीय कमी होतं. एवढ्याशा दाबाने शरीर सावरलं जात नाही. बोटाला फक्त कळतं की आपण कुठे सरकलो, आणि ते मेंदूला पुरतं.

म्हणून डोळे मिटलेल्या मुलापुढे तुझी तर्जनी आडवी धर. त्याने बोट टेकवायचं, धरायचं नाही. दाब वाढला की समज तो टेकू मागतोय, आणि बोट थोडं खाली घे. काही वेळाने न सांगता बोट काढून घे. बहुतेक मुलं तोवर स्थिर झालेली असतात.

स्पर्शाची ताकद बघायची असेल तर अंध मुलांचा मल्लखांब बघून ये. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात पद्मश्री उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही ही विद्या शिकवली. डोळ्यांचा साक्षीदार मुळातच नसताना हात, पाय आणि पाठ दोरीवर, लाकडावर सगळं वाचतात.

८. घोटा आणि कंबर, दोन्ही तयार ठेव

रुंद, टणक जमिनीवर हलका धक्का बसला तर घोट्यातून सावरता येतं. पण जिम्नॅस्टिक्सच्या दहा सेंटीमीटर रुंदीच्या बीमवर किंवा पाऊल पुरतं मावत नाही अशा बोंडावर घोट्याला दाब द्यायला जागाच नसते. तिथे कंबरेतून झटकन वाकावं लागतं, हात पसरावे लागतात. स्पर्धेत पंच त्याचे गुण कापतील, ते स्पर्धेच्या वेळी बघू. सरावात हात हलले म्हणून कुणालाही रागावू नकोस.

९. बोलायला लाव

तोल साधताना मूल स्वतःच्या पायांचाच विचार करत बसलं तर जास्त डोलतं. लक्ष बाहेर हवं. ‘अंगठा दाब, गुडघा सोड, पोट आत’ अशी सूचनांची सरबत्ती नको. ‘छातीने ती चिंधी दाखव’ एवढं एकच वाक्य पुरे.

आणि तोल खरोखर मुरलाय का हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. एका पायावर उभ्या मुलाला सतराचा पाढा म्हणायला सांग. पाढा अडला किंवा पाय डगमगला तर तोल अजून विचार करून सांभाळला जातोय. दोन्ही सुरळीत चालले की वर चढव.

१०. जे घोटलं तेच येतं

हातांवर तासन्‌तास उभं राहणारा जिम्नॅस्ट दोन पायांवर साधा उभा असला की तुझ्या-माझ्याइतकाच डोलतो. अवघड स्थितीत, म्हणजे एका पायावर आणि डोळे मिटून, त्याचं वेगळेपण दिसतं. २००२ मधल्या एका फ्रेंच अभ्यासात डोळे मिटल्यावर ज्युदोपटू बॅले नर्तकांपेक्षा चांगले उभे राहिले. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याचे धक्के अंगाने ओळखावे लागतात, नर्तकाची भिस्त डोळ्यांवर जास्त. तोलाचा असा एकच साठा नसतो की इथे भरला आणि तिथे वापरला. बोंडावर वाऱ्यात उभं राहायचं असेल तर वाऱ्यातच सराव हवा. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात स्पर्धा असेल तर महिनाभर आधीपासून त्याच उजेडात वर्ग घे.

११. चूक हातात दिसली तरी दुरुस्ती पायात कर

ही गोष्ट नेमबाजांकडून घे. उभ्याने रायफल धरणारा नेमबाज नेम घेतो, डोळे मिटतो, एक-दोन श्वास सोडतो आणि डोळे उघडतो. नळी लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर तो हाताने ओढून आणत नाही, पावलं बदलतो. हाताने ओढलेला नेम स्नायू थकले की सुटतो, पायांनी बसवलेला टिकतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारातला एक टप्पा असा उभ्याने असतो. आपल्या मुलांनीही हेच करावं. पवित्रा घे, डोळे मीट, श्वास सोड, उघड. छाती खुणेपासून सरकली असेल तर खांदे पिळू नकोस, पाय नीट लाव.

१२. उतरणं ही पण विद्या आहे

टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाईल्सने व्हॉल्टवर अडीच पिळांची उडी घ्यायला सुरुवात केली, पण हवेत दिशा हरवली आणि दीडच पिळावर ती कशीबशी उतरली. लगेच तिने सांघिक अंतिम फेरी सोडली. शरीर हवेत कुठे आहे हे कळेना, अशा वेळी जिद्दीने पुढे जाणं म्हणजे मान मोडून घेणं. आठवडाभराने, ३ ऑगस्टला, तिने बीमवर पिळ नसलेली उतरण घेऊन कांस्य मिळवलं, आणि पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण.

तिन्ही साक्षीदारांचा मेळ बसत नसेल तर मुलाने ‘ताई, उतरतो’ म्हणावं आणि तू ‘ये’ म्हणावंस. ‘का?’ हा प्रश्न खाली आल्यावर विचार. ज्याला उतरायची मुभा असते तोच बिनधास्त चढतो. डोळे मिटून करायचं काहीही आधी जमिनीवर. तिथे दहादा जमल्याशिवाय वर नाही. पाय मुरगळलेल्या मुलाला दुखणं थांबलं म्हणून लगेच वर घेऊ नकोस. मुरगळल्यावर घोट्याची जाणीवही लंगडी होते, आणि एका पायावर उभं राहण्याचा सराव पुन्हा करून घेतला तर परत मुरगळण्याची भीती कमी होते.

१३. वहीत काय लिहायचं

हजेरीच्या वहीत मागच्या पानांवर मी रकाने आखलेत. किती सेकंद उभा राहिला, हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. त्याऐवजी असं कर. मूल स्थिर उभं असताना खांद्याला हलकासा धक्का दे, किंवा एकदम ‘डोळे मीट’ म्हण, किंवा मॅटवरून फरशीवर उतरव. मग त्याची कंबर पुन्हा शांत होईपर्यंत मनात आकडे मोज आणि तेवढाच आकडा लिही. महिन्याने तोच प्रयोग, तोच धक्का. आकडा उतरला तर शिकवणी बरोबर चाललीय. तसाच राहिला तर मुलाला दोष देऊ नकोस, तिघांपैकी कोणत्या साक्षीदाराची तालीम राहिली ते शोध आणि तिसऱ्या कानमंत्रापासून पुन्हा सुरू कर.

पालक येऊन विचारतील, ‘आमचा किती वेळ उभा राहतो?’ त्यांना हा रकाना दाखव. आणि सांग की मागच्या महिन्यात तुमचा मुलगा सातव्या आकड्याला सावरायचा, आता चौथ्याला सावरतो.